कुकर दुरुस्तीला गेलाय

गुरुवार, रात्री

दुपारी फाटकाशी एक बाई आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत कुकर. आमचाच. झाकणाच्या मुठीला बाबांनी गुंडाळलेली तांब्याची तार अजून तशीच आहे. "मावशींनी दिलेला. परत आणला की घ्यायच्याच नाहीत. आता म्हटलं..." म्हणाली आणि रडायलाच लागली. पाणी दिलं, बसवलं. ती गेली, आणि तेव्हापासून मी चिडलेय.

कारण हा कुकर दुरुस्तीला गेला होता. आईनेच सांगितलं होतं, मी कॉलेजात असताना. "पापडीला दिलाय, वॉशर मिळत नाही." तो वॉशर काही मिळाला नाही आणि आम्ही पातेल्यातली अर्धी कच्ची डाळ गिळत राहिलो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पापनिवेदन करणारी ही बाई, पोरांशी धडधडीत खोटं बोलली! फादरांना सांगितलं असेल का तिने हे?

पण खोट्याचं मला एवढं काही नाही. वाटतो तो हेवा. त्या बाईचा. तिच्याकडे आईची एक वस्तू होती, आईचं एक गुपित होतं. माझ्याकडे काय आहे? आईच्या मयताच्या दिवशीही हेच. कुठकुठल्या पाड्यांवरून माणसं आलेली, शवपेटीला हात लावून मुसमुसत होती. एक आजी मला विचारते, "तू गो कोण त्यांची?" मला!

वसईची हिरवाई वाचवायच्या त्या 'हरित वसई' आंदोलनाच्या मोर्च्यांना आई मला कडेवर घेऊन जायची म्हणे. म्हणजे तेव्हाही मी नुसती सोबत. जाऊ दे.

आई ज्यांच्यात होती त्या विन्सेंट डी पॉलवाल्यांचा, म्हणजे चर्चमधल्या गरिबांना मदत करणाऱ्या मंडळाचा, नियम मला ठाऊक आहे. दोघादोघांनी घरी जायचं, जे लागेल ते बघायचं आणि कुणाच्या घरी गेलो ते बाहेर बोलायचं नाही. बाहेर म्हणजे आम्हीही बाहेरचेच. १८३३ साली पॅरिसमध्ये हे काम सुरू करणारा ओझानाम विशीतला विद्यार्थी होता, तो मित्राबरोबर स्वतःच्या वाट्याचं सरपण एका गरीब घरी देऊन आला, ही गोष्ट आई फार रंगवून सांगायची. सरपण गेल्यावर त्या पोरांनी शेगडी कशी पेटवली, ते मात्र कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते आता कळतंय.

वहिनीला सगळं सांगितलं. ती हसत सुटली. म्हणाली, "ताई, मोठी परातसुद्धा कल्हईला गेलीय ना?" गेलीय खरी. परात स्टीलची होती.

मग मलाही हसू आलं. उद्या फाटकाशी परात येईल, परवा बाबांचा स्वेटर. हळूहळू घर भरेल.

संध्याकाळी जपमाळेला बसलो तर वहिनीने प्रकाशाची रहस्ये (माळ जपताना वारानुसार आठवायचे येशूच्या जीवनातले प्रसंग) सुरू केली, आणि माझ्या तोंडून आनंदाची. गुरुवारी प्रकाशाची म्हणायची, हे पोपसाहेबांनी २००२ मध्ये सांगितलं, पण आईने ते शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. "माझा गुरुवार आनंदाचाच," म्हणायची. वहिनी म्हणाली, "चर्चचं ऐकायचं की आईंचं?" चर्चचं ऐकलं. आई असती तर माळेची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, झाल्यावर तिची यादी सुरू झाली असती: अमकीचे गुडघे, तमक्याच्या पोराची नोकरी, कुणाची दारू सुटू दे. सगळ्यात शेवटी, एका दमात, "आणि घरातल्यांसाठी." आम्ही चौघे मिळून एक नमो मरिया. तेवढ्या वेळात कालवण दोनदा निवायचं.

आज वहिनीने वीस मिनिटांत आटपलं. गरमागरम जेवलो. दादा म्हणाला, बोंबलांचं कालवण छान झालंय.