कडुलिंब स्प्रे, पाचवा आठवडा: यावेळी पाय आपटणं मोजलं

माश्या चावल्या की आमची घोडी पाय आपटते, त्यावर घरचा कडुलिंब स्प्रे किती चालतो ते शेवटी मोजायलाच बसलो. संध्याकाळी साडेपाचला घोडी बांधलेली, मी उलट्या बादलीवर, मोबाइलवर पाच मिनिटं लावली आणि किती वेळा पाय आपटते ते मोजत बसलो. काहीच न लावता ३८. दुसऱ्या दिवशी स्प्रे मारून अर्ध्या तासाने ७, वा म्हटलं! पण अडीच तासांनी परत ३१, म्हणजे झालं, आमचं औषध दोन चहांच्या मधल्या वेळेपुरतंच.

प्रमाण असं, लिटरभर पाण्यात २० मिली कडुलिंबाचं तेल आणि रात्रभर भिजवून कुस्करलेल्या रिठ्याचं पाणी अर्धी वाटी, रिठा नसेल तर तेल वर तरंगतं आणि नोझल चोंदतं. गवती चहाचं तेल मी आधी अंदाजाने ओतलेलं, तिचे मागचे पाय खाली पांढरे आहेत, तिथली कातडी गुलाबी, बरोबर तिथेच पुरळ उठलं. चूक माझीच. आता लिटरला पाचच थेंब आणि आधी खांद्यावर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस थांबतो. तोंडाला स्प्रे नाहीच, रिठा डोळ्यात गेला तर जाम झोंबतो, फडक्याने पुसायचं.

पण खरी गंमत पुढे. पायाला चावते ती दिसायला घरमाशीच, फक्त तोंडाला पुढे सुईसारखी सोंड असते, आणि ती वाढते लीद आणि भिजलेल्या कडब्यात. मग लीद रोज दोनदा उचलून लांबच्या खड्ड्यात, वर प्लास्टिक. अंड्याची माशी व्हायला दोन-तीन आठवडे जातात त्यामुळे लगेच काही दिसलं नाही, पण परवा स्प्रे न मारता मोजलं तर १७! वर जुना टेबलफॅन लावला तर ६, वाऱ्यात त्यांना धड बसताच येत नाही.

माश्या पळाव्यात म्हणून चंदीत (घोडीच्या खुराकात) लसूण घाला म्हणणाऱ्यांनो, नको. जास्त झाला तर घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

राहिले डांस, म्हणजे मच्छर नव्हे, मोठ्या चावऱ्या घोडमाश्या. त्यांच्यामुळे सर्रा (रक्तातल्या परजीवीमुळे होणारा आजार) पसरतो, तेव्हा घोडीला ताप आला की घरगुती काही नाही, सरळ डॉक्टर आणि रक्त तपासणी. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये घोड्यांना झेब्र्यासारखी पट्ट्यांची झूल घालून बघितलेलं, डांस जवळ येतात पण बसायला जमत नाही त्यांना. मीपण जुन्या चादरीची शिवायला टाकलीय. शिंप्याने दोनदा विचारलं, घोड्यालाच ना?