डॉक्टर बाहेरगावी असताना आईची नागीण

आधी नुसतं दुखत होतं. आईच्या कपाळाची उजवी बाजू, भुवईच्या वर. नेहमीच्या डोकेदुखीसारखं नव्हतं ते. केसांतून कंगवा फिरला तरी तिला चरचरायचं. मग एका संध्याकाळी त्याच जागी लाल चट्टे उठले आणि त्यांवर बारीक पाण्याचे फोड. सगळे उजवीकडेच, कपाळाच्या मध्यावर येऊन थांबलेले. डावीकडे एकही नाही.

सकाळी दवाखाना उघडताच फोन केला. डॉक्टर बाहेरगावी, पुढच्या आठवड्यात येणार. "तेव्हाची वेळ देऊ का?" पलीकडच्या ताईंनी विचारलं. इतकी वर्षं आईचा मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचं दुखणं एकाच डॉक्टरांनी सांभाळलेलं. थांबूया, त्यांनाच दाखवूया, असं आईचंही म्हणणं होतं. मला ते पटत नव्हतं. मी म्हटलं, "वेळ द्या, पण आधी एवढं सांगा, ते नसताना त्यांच्या जागी कोण बघतं? आणि हे तोपर्यंत थांबण्यासारखं आहे का, हे कुणा डॉक्टरांना विचारून सांगाल का?"

मग एका दमात सांगितलं: वय बहात्तर, मधुमेह आहे, मूत्रपिंड कमजोर आहे, काल संध्याकाळपासून कपाळावर एकाच बाजूला फोड, डोळ्याच्या जवळ. माझा अनुभव असा, की "आईला बरं वाटत नाहीये" म्हटलं की पुढची तारीख मिळते. कुठे, कधीपासून आणि आधीचे आजार कोणते, हे नीट सांगितलं की समोरचा माणूस उठून कुणाला तरी विचारायला जातो. ताई विचारून आल्या. "आजच आणा. नागीण वाटतेय. डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसायला लागलं, तर इथे न थांबता थेट डोळ्यांच्या रुग्णालयात जा."

घाई कशासाठी, ते मला नंतर नीट समजलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली, की कधीतरी एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने वर येतो. म्हणूनच फोड एकाच बाजूला, पट्ट्यासारखे. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली असती तर ती मुदत केव्हाच टळली असती. (ती टळली म्हणून घरी बसायचं असंही नाही. नवे फोड येत असतील किंवा डोळ्याचा प्रश्न असेल, तर डॉक्टर नंतरही गोळ्या देतात.)

निघण्यापूर्वी आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरली. नावं लिहून घेण्यापेक्षा पाकिटं बरी. किती मिलिग्रॅमची गोळी आहे ते त्यांवर छापलेलं असतं. तिला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आणि रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट घेतले. नेहमीच्या डॉक्टरांना यातलं काही सांगावं लागत नाही. नव्या डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

पोहोचायच्या आधी ताईंना कळवून ठेवलं होतं, म्हणून आम्हाला वेगळ्या खोलीत बसवलं. फोडांतल्या पाण्यातून, कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात, आणि बाहेर गरोदर बायका, तान्ही बाळं बसलेली असतात.

डॉक्टर वयाने लहान होत्या. फोड बघताक्षणी त्यांनी विचारलं, "क्रिएटिनिनचा रिपोर्ट आहे?" मूत्रपिंडाचं काम दाखवणारा तो रक्ताचा रिपोर्ट मी पुढे केला. जीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा आकडा, चाळीसच्या आसपास होता. व्हॅलसायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी एरवी 1000 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात. त्यांनी ती दोनदाच लिहिली, सात दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर पूर्ण मात्रा अंगात साचते, माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, असं त्यांनी समजावलं. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकंही टाळली. तो एक कागद सोबत नसता तर अंदाजाने गोळ्या द्याव्या लागल्या असत्या, नाहीतर रक्त तपासण्यात वेळ गेला असता.

मग टॉर्च लावून त्या बराच वेळ आईचं नाक बघत राहिल्या. नाकाच्या शेंड्याशी, उजव्या बाजूला, एक फोड होता. मला तो मुरुमाएवढा वाटला होता. डोळ्याला आणि नाकाच्या शेंड्याला जाणारा मज्जातंतू एकच असल्यामुळे, तिथे फोड आला की डोळ्यालाही लागण होण्याची शक्यता वाढते. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. व्हिडिओ कॉलवर पुरळ दिसलं असतं, हे दिसलं असतं का याची मला शंका आहे.

त्याच दुपारी डोळा तपासला. केशरी रंगाची पट्टी पापणीला लावून निळ्या प्रकाशात बघतात. बुबुळावर जखम असेल तिथे हिरवं चमकतं. आईच्या डोळ्यात तसं काही नव्हतं. थेंब दिले आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. तेव्हाही डोळा स्वच्छ होता.

हे दुखणं फोनाफोनी करायला अवधी देणारं होतं. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, जीभ जड होणं, छातीत दाब येणं, यांत दवाखान्याला फोनच करायचा नाही. रुग्णवाहिका आणि मोठं रुग्णालय. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात.

आमचे डॉक्टर परतल्यावर दोन्ही चिठ्ठ्या त्यांना दाखवल्या. गोळ्यांची मात्रा बघून ते म्हणाले, "मीही हीच दिली असती." आईला ते ऐकायचंच होतं. फोड वाळले, कपाळ अजून अधूनमधून चरचरतं, त्यासाठी रात्रीची एक गोळी चालू आहे. पूर्ण बरं वाटल्यावर नागिणीच्या लसीचं बघू, असं ठरलंय. निघताना मी त्यांना पुढच्या सुट्टीबद्दल विचारलं. त्यांनी त्या तरुण डॉक्टरांचा नंबर आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर स्वतः लिहून दिला.