झोजी ला, १९४८ : रणगाडे वर चढले कसे

नगरच्या माणसाला रणगाड्याचं अप्रूप नसतं. इथे आर्मर्ड कोअरचं सेंटर आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. त्यात माझा धंदा गॅरेजचा. त्यामुळे काश्मीरमधल्या झोजी ला खिंडीतल्या भारत-पाकिस्तान लढाईबद्दल वाचायला बसलो की पहिली गोळी सुटायच्या आधीच्या पानांवरच मी अडकून पडतो.

१९४८च्या उन्हाळ्यात द्रास आणि कारगिल हातचं गेलं. सुमारे साडेअकरा हजार फुटांवरची ही खिंडही शत्रूकडे, म्हणजे श्रीनगरहून लेहची वाट बंद. सप्टेंबरात ७७ पॅरा ब्रिगेडने हल्ले करून पाहिले, पण कड्याकपारींत मशीनगन बसवलेल्या आणि खालून चढणारा जवान उघड्यावर. वाट निघेना. तेव्हा मेजर जनरल थिमय्यांनी ठरवलं, रणगाडे वर न्यायचे.

७ कॅव्हलरी या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे स्टुअर्ट रणगाडे 'हलके' म्हणायचे, पण एकेक चौदा-पंधरा टनांचा. जम्मूहून येताना वाटेतले पूल कच्चे. म्हणून टरेट, म्हणजे तोफ बसवलेले वरचे फिरते भाग, उतरवून वेगळे आणले, वर ताडपत्र्या टाकल्या. शत्रूला सुगावाही लागता कामा नये. खिंडीच्या पायथ्याच्या बालतालहून पुढे तर रस्ताच नव्हता, खेचरांची पायवाट होती. ती मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या जवानांनी, सुरुंग लावून, दगड फोडून रुंद केली. तेही शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात, ऑक्टोबरच्या थंडीत.

त्या घाटात मी स्वतः पिकअप चालवलाय. माल फारसा नव्हता, तरी सेकंडला गाडी ओढेना आणि सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच, इंजिनाला श्वास पुरत नाही. स्टुअर्टची इंजिनं पेट्रोलची. विरळ हवेत मिश्रण जाड होतं, दम तुटतो, आणि गारठ्यात बॅटरी बसते ती वेगळीच. अशा ठिकाणी चिखलबर्फातून पंधरा टन लोखंड वर चढवणाऱ्या ड्रायव्हर-फिटरांची नावं कुणाच्याच तोंडी नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पदकं हल्ल्याला मिळतात, आणि ती मिळायलाच हवीत. पण माझ्या मते अर्धी खिंड त्या फिटरांनी आणि सॅपर्सनी आधीच जिंकली होती.

१ नोव्हेंबरला दुपारी, बर्फ पडत असताना, लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ३७ मिलिमीटरच्या तोफांनी जवळून एकेक बंकर फोडला, मागून पायदळ चढलं आणि संध्याकाळपर्यंत खिंडीपलीकडची गुमरी हाती आली. पुढे द्रास, आणि नोव्हेंबर सरायच्या आत कारगिल.

१ जानेवारी १९४९ला युद्धबंदी झाली. ती पायवाट रुंद व्हायला अजून काही आठवडे लागले असते, तर मध्ये हिवाळा आला असता, खिंड बर्फाने बुजली असती आणि युद्धबंदीच्या दिवशी कारगिल पलीकडेच राहिलं असतं.