तक्रार पाण्याची होती

वाचनालयाच्या मोठ्या खोलीतल्या कॅसेट एसीतून पाणी टपकतंय, आधीच्या माणसाने ड्रेन पंप, म्हणजे ट्रेमधलं पाणी बाहेर फेकणारा पंप, साफ केला तरी थांबत नाही, एवढंच मला फोनवर कळलं होतं. गेलो तेव्हा टेबलावर बादली ठेवलेली आणि बादलीच्या दोन्ही बाजूंना मुलं वह्या उघडून अभ्यासाला बसलेली.

वर पाहिलं तर पाण्याच्या आधी फट दिसली. छतातल्या या यंत्राचं पांढरं पॅनेल चारही बाजूंनी फॉल्स सीलिंगला सारखं टेकलेलं असतं. इथे एका कोपऱ्यात पॅनेल आणि टाइल यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा होती, आणि समोरच्या कोपऱ्यात पॅनेल टाइलला इतकं दाबलं गेलं होतं की टाइलची कड चुरली होती. यंत्र कललेलं होतं. चार रॉडवर टांगलेलं यंत्र आपोआप कलत नाही. वर कुठेतरी काहीतरी सुटल्याशिवाय हे होणार नव्हतं.

शिडी लावायच्या आधी मी मुलांना उठवलं. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "अहो, परीक्षा तोंडावर आलीय त्यांची. बसू द्या ना, तुमचं काम तर वर आहे."

"त्या टोकाला खुशाल बसू द्या मॅडम. या यंत्राखाली मात्र कुणी नको. टेबलंही सरकवूया."

एमसीबी खाली केला, त्यावर 'काम चालू आहे, हात लावू नये' असा कागद चिकटवला, टेस्टरने तपासलं आणि मग शेजारची टाइल काढून टॉर्च आत फिरवला. कललेल्या कोपऱ्यातला अँकर फास्टनर, म्हणजे रॉड छताला धरून ठेवणारा बोल्ट, स्लॅबमधून निम्मा बाहेर आला होता. आजूबाजूचं प्लॅस्टर फुटलेलं, आणि भोकातून लाल भुकटी सांडलेली. काँक्रीट फुटलं तर राखाडी चुरा पडतो. लाल चुरा म्हणजे भाजलेली माती.

मी हातोडीच्या दांड्याने स्लॅबवर ठोकत गेलो. थोडं अंतर भरीव आवाज, मग रिकाम्या मडक्यासारखा, मग पुन्हा भरीव. स्लॅब पोकळ ब्लॉकचा होता. वजन कमी ठेवण्यासाठी काही इमारतींत काँक्रीटच्या अरुंद पट्ट्या, म्हणजे रिब, आणि त्यांच्यामध्ये मातीचे पोकळ ब्लॉक अशी रचना करतात. खालून प्लॅस्टर झालं की डोळ्यांना सगळं एकसारखं दिसतं. ड्रिल धरलेल्या हाताला मात्र फरक कळतो. काँक्रीटमध्ये बिट नेटाने, सावकाश आत जातं. पोकळ ब्लॉकमध्ये दोन-तीन सेंटिमीटरवर ते एकदम घुसतं आणि हाताला हिसका बसतो. ज्याने हे भोक पाडलं त्यालाही तो हिसका बसलाच असणार. तिथे त्याने थांबायला हवं होतं.

फास्टनर धरतो तो फुगून. नट आवळला की त्याची बाही पसरते, भोकाच्या भिंतीवर दाबली जाते, आणि त्या घर्षणावर सगळं वजन टांगलेलं असतं. भिंत भरीव असेल तरच हे चालतं. पोकळीत बाही पसरून दाबणार कशावर? ब्लॉकचं पातळ कवच काही काळ तोलून धरतं, मग पंख्याची थरथर चालू राहते, ट्रेमध्ये पाणी साठतं, आणि फास्टनर कणाकणाने खाली येतो. वरचं यंत्र साधारण ३० किलोचं, शिवाय पॅनेल ५-६ किलोचं. खाली मुलांची डोकी.

पाण्याचा उलगडाही तिथेच झाला. कॅसेटचा ड्रेन पंप आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की उचलला जाऊन यंत्र बंद करणारा) ट्रेच्या एकाच बाजूला असतात. यंत्र नेमकं त्यांच्या विरुद्ध बाजूला कललं होतं. पाणी उताराने पंपापासून दूर साठत होतं, फ्लोट उचललाच जात नव्हता, त्यामुळे यंत्र बंद न पडता ट्रेच्या कडेवरून पाणी सांडत होतं. पंप शंभर वेळा धुतला असता तरी ते थांबलं नसतं.

इमारत सांभाळणारे साहेब आले, म्हणाले, "मोठा फास्टनर मारून टाका की. संध्याकाळपर्यंत चालू झालं पाहिजे."

मोठ्या फास्टनरला मोठं भोक लागतं, आणि ते पातळ कवच आणखी फुटतं. मी त्यांना शिडीवर चढवलं आणि टॉर्च हातात दिला. लाल भुकटी त्यांनी बोटाने चोळून पाहिली. नंतर ते संध्याकाळबद्दल बोलले नाहीत. खाली उतरून त्यांनी स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन लावला.

तोवर यंत्र उतरवणं भाग होतं. आधी हाताने फिरवायची मटेरियल लिफ्ट आणून तिच्यावर फळी ठेवली आणि यंत्राला खालून आधार दिला. आधार नीट बसल्यावरच पंप डाउनपुरता, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेण्यापुरता, एमसीबी वर केला. आउटडोअरचा लिक्विड व्हॉल्व्ह बंद करायचा, कूलिंगवर चालवायचं, गेज शून्याजवळ आला की सक्शन व्हॉल्व्ह बंद आणि लगेच यंत्र बंद. माझा मदतनीस घाईत पाना घेऊन गॅसच्या पाइपच्या जोडावरच्या फ्लेअर नटकडे वळला, त्याला मी आवाज देऊन थांबवलं. कॉम्प्रेसर चालू असताना पाइप उघडला तर हवा आत ओढली जाते, आणि तेल, गॅस व हवा एकत्र दाबली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, आणि सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

इंजिनिअर बाईंनी डिटेक्टर फिरवून रिबमधल्या सळ्यांच्या जागा दाखवल्या. रिब अरुंद, तिच्या तळाशी मधोमध सळई. खालून भोक पाडलं तर एक तर सळई लागणार, नाही तर फास्टनर कडेला जाऊन कड फुटणार. त्यांनी ठरवलं की स्लॅबला हातच लावायचा नाही. दोन बीमच्या बाजूच्या अंगावर, सळ्या चुकवून, ब्रॅकेट बसवायचे आणि बीम ते बीम लोखंडी सी-चॅनल टाकून त्यावरून रॉड सोडायचे. चॅनलचा आकार त्यांनीच लिहून दिला.

बीममध्ये ड्रिल चालवलं तेव्हा राखाडी, बारीक भुकटी पडली आणि खांदे भरून आले. फार बरं वाटलं. भोकं फुंकणीने आणि ब्रशने साफ केली. आत धूळ राहिली तर फास्टनरची बाही भिंतीऐवजी धुळीवरच दाबली जाते आणि निसटते.

पुढचं काम नेहमीचं. १० मिलिमीटरचे रॉड, यंत्राच्या प्रत्येक कानाला वरून आणि खालून नट-वॉशर, खाली आणखी एक चेकनट. लेव्हल मात्र मी फक्त स्पिरिट लेव्हलवर सोडत नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी चारही कोपऱ्यांना लावून पाहतो. ड्रेन पाइपला मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार दिला आणि जुनी लाइन जिथे मध्येच झोळ देत होती तिथे हँगर वाढवले. जुने फ्लेअर कापून नवे केले, टॉर्क पान्याने आवळले: ३/८ इंची ३४ ते ४२ न्यूटन-मीटर, ५/८ इंची ६८ ते ८२. नायट्रोजन टप्प्याटप्प्याने चढवला, ५ बार, मग १५, मग ४१.५, आणि तसाच रात्रभर ठेवला. दाब चाचणीला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

दुसऱ्या दिवशी काटा जागेवर होता. व्हॅक्यूम पंपाने पाइपांतली हवा ओढून काढत व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेला, तो पंप बंद करून व्हॅक्यूम टिकतो का पाहिलं, मग गॅस सोडला. ट्रेमध्ये पाणी ओतून ड्रेन पंप चालवला आणि दुसऱ्या टोकाला पाणी पडताना मदतनिसाला मोजायला बसवलं. फ्लोट हाताने उचलल्यावर यंत्र थांबलं, तेही पाहिलं.

त्याच खोलीत आणखी दोन कॅसेट होत्या, हे यंत्र टांगणाऱ्याच माणसाने बसवलेल्या. दोन्ही सरळ दिसत होत्या, टपकत नव्हत्या. टाइल काढून ठोकलं तर एकीचे दोन फास्टनर पोकळ ब्लॉकमध्ये निघाले. मी फोटो काढले, कोणता रॉड कुठे आहे ते लिहून सही केली आणि साहेबांना दिलं. मॅडमनी तोवर त्या दोन्हींखालची टेबलंही भिंतीकडे सरकवून घेतली होती.