करवीर तालुक्यातली आमची कम्युनिटी पोस्टिंग : माझा अनुभव

बीएस्सी नर्सिंगला असाल आणि कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे गावात घरोघरी जाऊन करायचं प्रॅक्टिकल, जवळ आली असेल तर हे वाचा. मला सीनियर्सनी फक्त फॅमिली फोल्डर (घरातल्या सगळ्यांच्या आरोग्याची माहिती लिहायची फाईल) वेळेत भर एवढंच सांगितलं होतं, खरं तर फोल्डर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आम्हाला कोल्हापूरजवळचंच गाव मिळालं, केएमटी बसनं जाता येतं, चारी बाजूला ऊस आणि घरटी म्हशी. आधी कॉलेजचं पत्र पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरना, त्याची कॉपी ग्रामपंचायतीत, मग उपकेंद्रातल्या सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) मॅडमची भेट, हे सगळं ठरलेलं असतं. पण गावात फिरायचं तर आशाताई बरोबर पाहिजेतच. नुसता युनिफॉर्म बघून लोकांना वाटतं पोलिओ डोसवाल्या आल्या, "आमच्यात बारकं पोर न्हाई" म्हणून दारातनंच सांगतात. आशाताई असल्या की "या की आत" म्हणतात, आणि कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाच्या घरी आज जाऊ नये हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना आधी भेटा, निवांत बसा, त्यांच्याकडनं गावाचा नकाशा समजून घ्या.

सर्व्हेत तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरायचा, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका किती ते बघायचा फॉर्म. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरात कुणाला बीपी-शुगर आहे का यावर मार्क, आणि स्कोअर चारच्या वर गेला की त्या माणसाची तपासणी आधी. यात दोन गोष्टी सांगते. तंबाखू खाता का विचारलं की बायका नाही म्हणतात आणि मनापासून म्हणतात, म्हणून मिसरी लावता का हे वेगळं विचारायचं, मग कळतं की सकाळ-दुपार-संध्याकाळ लावतात आणि पोटुशी असताना पण सोडलेली नव्हती. दुसरं म्हणजे टेप. बायकांची कंबर साडीवरनं मोजून काही उपयोग नाही, बाहेरच्या सोप्यात चार माणसं बसलेली असताना तर मोजूच नका, आतल्या खोलीत दार लावून मोजायची. बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या पुढं मार्क सुरू होतात. आपल्याकडं "तब्येत चांगली हाय" म्हणजे अंगानं भरलेला माणूस, पण भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका या सगळ्या पट्ट्यातल्या लोकांना युरोपातल्या लोकांपेक्षा कमी वजनात आणि कमी वयात डायबेटिस होतो, चरबी पोटाभोवती साठते, म्हणून तर आपल्याला बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 25 ऐवजी 23 च्या पुढं गेला की वजन जास्त धरायला शिकवतात. हातपाय बारीक आणि फक्त पोट सुटलेला माणूस दिसला की त्याची शुगर बघाच.

आता खरी अडचण. सकाळी दहाला गेलं की निम्मी घरं कुलूपबंद, बायका भांगलणीला आणि पुरुष एमआयडीसीत. म्हणजे ज्यांची तपासणी व्हायला पाहिजे तेच भेटत नाहीत. आशाताईच म्हणाल्या, "संध्याकाळी डेअरीत बसा की, दूध घालायला सगळं गाव येतंय." आम्ही मॅडमना विचारलं, दूध संस्थेच्या सेक्रेटरींना भेटलो, त्यांनी टेबल, खुर्च्या आणि शेजारची खोली दिली. काम सुरू झालं पण माणूस सायकलवरनं किटली घेऊन येतो, दम लागलेला, तोंडात तंबाखू, अशा वेळी घेतलेलं बीपी खरं येत नाही. मग चूळ भरायला लावून, पाच मिनिटं गप्प बसवून दोनदा घ्यायचं, आणि 140/90 च्या वर आलेल्यांची नावं लिहून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन परत घ्यायचं. काहींचं घरी नॉर्मल आलं. काहींचं तसंच राहिलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात कुणी बीपीची पट्टी बांधलेलीच नव्हती, याचं मला आजपण वाईट वाटतं.

हेल्थ टॉक आम्ही बचत गटाच्या मीटिंगला जोडून घेतला. चार्ट केले होते, मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत वगैरे. एक काकू उठल्या, म्हणाल्या, "बाळ, चटणी तर वर्षाची कुटून ठेवलीया, मीठ त्यातच हाय, ती काय टाकून द्यायची व्हय?" मग तिथंच चर्चा झाली आणि बायकांनीच ठरवलं की ज्या भाजीला कांदा-लसणाची चटणी घालायची त्यात वरनं मीठ निम्मं करायचं, खर्डा असेल त्या दिवशी लोणचं-पापड नाही. आमच्या चार्टवर यातलं काहीच नव्हतं, पण फोल्डरमध्ये मी हेच लिहिलं. गुळाचं मात्र स्पष्ट सांगावं लागलं. गुऱ्हाळाचा भाग आहे, शुगर निघालेला माणूस अभिमानानं सांगतो की साखर सोडली, आता गुळाचा चहा पितो. गूळ आपलाच आहे आणि चांगलाच आहे, पण शुगर त्यानं पण तशीच वाढते, आणि हे त्यांच्या बायकोला, सुनेला पण समोर बसवून सांगा कारण चहा त्या करतात.

शेवटी प्रेझेंटेशन, फाईल सबमिशन, व्हायव्हा हे नेहमीचंच. बॅग टेक्निक (घरभेटीत तपासणीची बॅग स्वच्छ ठेवून वापरायची पद्धत) मात्र विचारतातच, पेपर अंथरण्यापासून हात धुण्यापर्यंत क्रम पाठ ठेवा. आणि निघायच्या आधी बीपी-शुगर जास्त आलेल्यांची यादी आशाताई आणि सीएचओ मॅडमना समजावून द्या, कोण गोळ्या घ्यायला तयार आहे, कोण घाबरतंय हे पण लिहा. उपकेंद्रात गोळ्या मोफत मिळतात, पण एकदा सुरू केल्या की जन्मभर लागतात म्हणून लोक टाळतात, आमच्या यादीतले काहीजण अजून टाळतायत. ताईंना फोन केला की मी पहिलं त्यांचंच विचारते. पुढची बॅच त्याच गावात जाणार असेल तर त्या घरांपासून सुरुवात करा, आणि संध्याकाळी जावा.