लाईन आली, पण सीताबर्डी लवकर उठेना: होमलॅब (घरचे प्रयोगाचे सर्व्हर) अपडेट

मागच्या अपडेटमधलं कोडं सुटलं. कोडं असं: साधा रीबूट दिला की सीताबर्डी (नव्या मंडळींसाठी: माझ्या प्रॉक्समॉक्स सर्व्हरवर चालणारी डेबियन लिनक्सची व्हीएम, म्हणजे आभासी संगणक) वीसेक सेकंदांत वर येते. पण लाईन जाऊन आली की तीच व्हीएम दीड मिनिटाच्या पुढे, आणि वर आल्यावर जेलीफिनमध्ये (घरचे पिक्चर दाखवणारं सॉफ्टवेअर) एकही पिक्चर नाही. मे महिन्यात नागपुरात लाईन किती वेळा जाते ते सांगायला नको.

बूटला वेळ कुठे गेला ते दाखवणाऱ्या सिस्टमडी-अनॅलाइझच्या 'ब्लेम' यादीवर विसंबू नका. कोणाला किती वेळ लागला एवढंच ते सांगतं, कोण कोणासाठी खोळंबलं ते नाही. त्याच्याच 'क्रिटिकल-चेन'मध्ये दिसलं की डॉकर (जेलीफिन चालवणारा) माझ्या तपासणी स्क्रिप्टसाठी थांबलाय आणि स्क्रिप्ट एनएफएस माउंटसाठी, म्हणजे नेटवर्कवरून एनएएसवरच्या (फाइली साठवणारा सर्व्हर) फाइली जोडल्या जाण्यासाठी. मग जर्नल (सिस्टमची नोंदवही) शॉर्ट-मोनोटॉनिकमध्ये, म्हणजे बूटपासूनच्या सेकंदांसह उघडलं. माउंटवर वीस सेकंद शुकशुकाट आणि मग ओळ: 'फेल्ड टू रिझॉल्व्ह सर्व्हर अंबाझरी'. म्हणजे डिस्कही ठीक, नेटवर्कही ठीक. अडलं होतं ते नावावर: अंबाझरी म्हणजे माझा एनएएस, आणि त्या नावाचा आयपी पत्ता मिळत नव्हता.

दर वेळी लाईन जायची वाट कोण बघणार? तीच परिस्थिती घडवली: पायहोलवाला पाय (नावांचे आयपी सांगणारा छोटा रास्पबेरी पाय संगणक) बंद केला, ओएनटीची (इंटरनेटचा फायबर डबा) फायबर काढली आणि फक्त व्हीएम रीबूट केली. हुबेहूब तोच खोळंबा! प्रॉक्समॉक्सच्या ब्रिजवर (व्हीएमचं नेटवर्क जिथून जातं तिथे) टीसीपीडंप हे वाहतूक दाखवणारं साधन लावून पोर्ट 53, म्हणजे नावांची विचारपूस, बघत बसलो. (डॅश-एन विसरू नका, नाहीतर टीसीपीडंप स्वतःच नावं शोधत बसतो.) प्रश्न जातोय, उत्तर नाही, पाच सेकंदांनी पुन्हा तोच प्रश्न.

रिझॉल्व्हरचा (नावाचा आयपी शोधणारा भाग) ठरलेला टाइमआउट 5 सेकंद, प्रयत्न 2. माझे नेमसर्व्हर (ज्यांना नावं विचारायची ते) दोन: पाय आणि इंटरनेटवरचा 1.1.1.1. दोघेही गप्प, तर एका नावाला 20 सेकंद. माउंटचं एक नाव, मग स्क्रिप्ट एकामागून एक तपासते ती तीन, झाली 80. यात गंमत अशी की पोर्टवर कोणी ऐकत नसेल तर नकार ताबडतोब येतो. वेळ खातो तो गप्प बसणारा. लाईन आल्यावर राउटर लगेच उठतो, पण फायबर जुळेपर्यंत 1.1.1.1 ला गेलेलं डेटाचं पॅकेट कुठेतरी विरून जातं.

उपाय सोपा वाटला: होस्ट्स फाइलीत (व्हीएममधलीच नाव-आयपीची यादी) अंबाझरीचा आयपी. नाव तपासणाऱ्या गेटएंट कमांडने क्षणात उत्तर दिलं. (इथे डिग ही कमांड वापरू नका, तो होस्ट्स फाइल बघतच नाही.) रीबूट केलं आणि ओळ गायब! डोकंच फिरलं. हा क्लाऊड-इनिटचा (व्हीएमची मांडणी आपोआप करणारं सॉफ्टवेअर) उद्योग. त्यातली मॅनेज-ईटीसी-होस्ट्स ही सेटिंग चालू असेल तर तो दर बूटला साच्यावरून (टेम्प्लेट) ती फाइल नव्याने लिहितो. फाइलीच्या माथ्यावर तसं लिहिलेलंही असतं. साच्यातच ओळ टाकली, तिथे टिकली. स्क्रिप्टमधली तीन नावंही तिथेच गेली.

पाय आणि फायबर बंद ठेवूनच पुन्हा रीबूट: 22 सेकंद, आणि जेलीफिन भरलेलं. त्या खुशीत तर्री पोहे हाणले.

शिवाय एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी) ऑटोमाउंट, म्हणजे गरज पडेल तेव्हाच जोडणी, लावलाय, म्हणजे एनएएस उशिरा उठला तरी बूट अडायला नको. टाइमआउट 1 सेकंदावर आणायचाही विचार होता, पण फायबर सुस्त असताना चांगली उत्तरंही हुकतील म्हणून सोडला.

पुढचा बेत राउटर आणि ओएनटीसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यायचा होता. खऱ्या सीताबर्डीवरच्या (नागपुरातल्या बाजारपेठेतल्या) एका दुकानदाराने 'चार तास बॅकअप' म्हणून छातीठोक सांगितलं, पण डब्यावर वॉट-अवरचा (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचा) आकडाच नाही. असला माल मी घेत नाही.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: पायहोल प्रॉक्समॉक्सवरच एलएक्ससीमध्ये (व्हीएमपेक्षा हलका कंटेनर) का नको? स्टार्टअप ऑर्डर 1, पंधरा सेकंदांचा डिले, मग सीताबर्डी. घरातली नावं फायबरविना मिळतील, पाय राहील दुसरा नेमसर्व्हर म्हणून. साच्यातल्या ओळी मात्र काढणार नाही. कोणी एलएक्ससीत पायहोल चालवत असेल तर रॅम किती दिलीय तेवढं सांगा, माझ्याकडे एकूण 16 जीबीच आहे.