नाम मोजायचं कशाला?

"काकू, देवाचं नाव घ्यायचं तर घ्या, पण मोजता कशाला? देवाशी कसला हिशोब?" माझ्या बोटातलं जपाचं काउंटर पाहून लेडीज डब्यात हे कुणी ना कुणी विचारतंच. भाचीनेही विचारलं. गाडीत सांगायला घेतलं की तुर्भे येतं आणि मला उतरावं लागतं. म्हणून आज नीट सांगते.

आमच्याकडे गोंदवलेकर महाराजांचं आहे, सासूबाईंपासून. श्रीराम जय राम जय जय राम, तेरा अक्षरं. ठाण्याला गाडीत बसलं की तुर्भ्यापर्यंत साधारण चार माळा होतात.

मीही एकदा हिशोबच केला होता. यजमान एकोणीस दिवस आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर बसून रामाला म्हटलं, सव्वा लाख जप करते, ह्यांना घरी येऊ दे. काउंटर पाच आकडी, म्हणून रोजचा आकडा औषधांच्या बिलामागे लिहायचे. रात्रंदिवस अंगठा चालू. 73,412 वर असताना डॉक्टरांनी आत बोलावलं.

त्यानंतर काउंटर कपाटात, साड्यांच्या खाली. रामाचा फोटो भिंतीवर होता, पण त्याच्याकडे पाहवत नव्हतं. सात महिने तोंडातून नाम निघालं नाही.

पुन्हा सुरू झालं ते गोंदवल्याला. सासूबाईंनी हट्ट धरला, म्हणून त्यांना घेऊन गेले. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं माणदेशातलं कोरडं गाव. महाराज 1845 साली इथेच जन्मले, 1913 साली इथेच देह ठेवला. दुपारी पंगतीत बसले. पानात गरम भात आणि त्यावर आमटी पडली. आजवर पोथीत नुसतंच वाचलेलं तेव्हा आत उतरलं. 1876 च्या दुष्काळात महाराजांनी लोकांना आपल्या शेतावर कामाला लावलं आणि पोटभर जेवू घातलं. उपाशी माणसाला त्यांनी नुसतं नाम घे म्हणून परत पाठवलं नाही. प्रपंच सोडायलाही कुणाला सांगितलं नाही. प्रयत्न पुरेपूर करा, यश-अपयश रामावर सोपवा आणि नाम नामासाठीच घ्या, एवढंच त्यांचं सांगणं. ह्यातलं पहिलं मी दवाखान्यात केलं होतं. औषधांसाठी धावले, रक्ताची सोय केली, नातेवाईकांकडे हात पसरले. पण नाम मी नामासाठी घेतलं नव्हतं. ती मी रामाला दिलेली किंमत होती. ती पुरली नाही म्हणून मी रुसले होते. पंगतीतच डोळे भरून आले. शेजारच्या आजींनी काही न विचारता ताकाची वाटी माझ्याकडे सरकवली.

आता कसला संकल्प करत नाही, काही मागतही नाही. मग तरी मोजते का? कारण माझं मन फार पळतं. रामाचं नाव घेताघेता ते ऐरोलीच्या आधीच ऑफिसच्या व्हाउचरवर जाऊन बसतं. अंगठ्याखाली बटण टिक करतं आणि ते परत येतं. पुन्हा पळतं, पुन्हा येतं. आकडा रामाला कळायची गरज नाही, मला कळावी लागते ती माझी चुकार सवय. आज तीनच माळा झाल्या तर एक कुठे गेली, हे मला ठाऊक असतं. बहुतेकदा ती कुणाच्या तरी उखाळ्यापाखाळ्यांत गेलेली असते.

परवा रबाळ्याच्या आसपास काउंटरचा सेल संपला. पडदा कोरा झाला, पण मला कळलंच नाही. कोपरखैरणेला खाली पाहिलं तेव्हा अंगठा दाबतच होता आणि ओठांत नाम चालूच होतं. संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल बसवून घेतला. आकडा शून्यावर आला होता. तिथूनच पुढे सुरू केलं.